'माजलेली' घोडी की माजावर आलेली?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एका वरातीत घोडी उधळल्याची बातमी होती. मथळा होता, 'माजलेल्या घोडीचा वरातीत धुमाकूळ'. नवरदेव खाली आला, बँडवाल्याच्या पायावर टाप पडली, लोकांनी आधी घोडीवाल्याला धुतलं आणि मग घोडीला खांबाला बांधून तिलाही. एवढं चार ओळींत होतं. मथळा ज्याने दिला त्याने गमतीत दिला असणार. पण मला वाटतं, त्याच्या हातून नकळत निदान झालं. वैशाखात एखादी तरणी घोडी अशी वागली, तर ती माजावर, म्हणजे गाभण राहायच्या दिवसांत, असेल का, हा प्रश्न काठी उचलायच्या आधी विचारायला हवा. तो कुणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता, आणि त्याची किंमत आमच्या धाकट्याच्या मनगटाने मोजली, म्हणून हे पत्र.

मी काही घोड्यांतली जाणकार नव्हे. बत्तीस वर्षं अंगणवाडीत काढली, आता निवृत्त आहे. कोरेगाव तालुक्यात घर, थोडा ऊस, थोडं आलं, तीन म्हशी, एक जर्सी गाय, आणि तीन वर्षांपासून मैना नावाची घोडी. घोडी ही मुलाची हौस. शाळेच्या सहलीत पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावर बसला, तेव्हापासून डोक्यात घेऊन बसला होता. 'ह्यांच्या' आजोबांच्या दारात घोडी असायची, त्यामुळे बापही आतून फितूरच. शेवटी दत्तजयंतीला 'हे' आणि माझे दीर पिकअप घेऊन थेट सारंगखेड्याला गेले. तापीकाठचा तो घोड्यांचा बाजार त्या दिवसांत भरतो. किंमत काय पडली ते मी इथे लिहीत नाही, कारण मलाही अजून खरी सांगितलेली नाही.

घोडी उतरली तेव्हा मात्र सगळ्यांचं तोंड बंद झालं. तांबडी, कपाळावर टिकली, दोन दाती, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या आतबाहेर. स्वभावाने गाय. शेजारचं पोर तिच्या पोटाखालून आरपार गेलं तरी तिने पाय उचलला नाही. पौष गेला, माघ गेला. धाकटा रोज सकाळी पाटाच्या कडेने रपेटीला जायचा आणि येताना खोगिरात बसूनच दुधाची किटली डेअरीवरून आणायचा. दुडकीतसुद्धा किटली सांडायची नाही. गावात म्हणायचे, तुम्हाला लॉटरी लागली.

फाल्गुन लागला आणि घोडी बदलली.

आधी बारीकसारीक. खरारा करताना कुशीला हात गेला की कातडी थरथरवायची, कान मागे टाकायची. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, आवळायला गेलं की मान वळवून दात दाखवायची. मग चालता चालता मध्येच थांबणं, मागचे पाय फाकवणं, शेपूट वर करून जराशी लघवी, पुन्हा दहा पावलं, पुन्हा तेच. टाच लागली की पुढे जायच्या ऐवजी मागे सरायची आणि चिरक्या आवाजात किंचाळायची. घोड्याचं खिंकाळणं वेगळं आणि हे वेगळं. हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं जात्यात बोट सापडलं कुणाचं. एखादा दिवस असा, मग दोन दिवस बरी, मग सलग आठवडाभर वाईट. काही मेळ लागेना.

गावात सल्ले फुकट मिळतात. एक म्हातारे म्हणाले, कपाळावरचा केसांचा भोवरा खाली उतरलाय, घोडी खोडील, विकून टाका. दुसरे म्हणाले, दाणा अंगावर आलाय, हरभरा तोडा, चार दिवस उपाशी ठेवा. एकाने काटेरी लगाम आणून दिला. लगामाच्या तोंडातल्या भागाला खिळ्यांसारखे दात असतात, जिभेला टोचतात, रक्त येतं. असल्या लगामाला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे हे मला नंतर कळलं, पण ते कळायची गरज नव्हती. मी तो हातात घेऊन बघितला आणि भंगारवाल्याला दिला. आणि सगळ्यांचा एकमुखी निष्कर्ष असा, की बाजारात तुम्हाला फसवलं. अफू चारून शांत केली असणार, आता उतरली. 'हे' दोन रात्री जेवले नाहीत.

चैत्रात गावची जत्रा. छबिन्यात मैना असावी असा धाकट्याचा हट्ट, आणि माझ्याही मनात होतंच, खोटं कशाला बोलू. गोंड्याची झूल, पायात चाळ, सगळं झालं. हलगीला ती बुजली नाही. फटाक्यालाही नाही. देवळाच्या कमानीपाशी शेजारच्या गावचा एक आंडील, म्हणजे खच्ची न केलेला, घोडा आला, आणि मैना जागच्या जागी खिळली. पाय फाकवले, शेपूट वर केली, आणि पालखीच्या समोर, पाचशे माणसांत, जे करायचं ते केलं. पोरं हसली, मानकरी चिडले. धाकट्याला लाज वाटली असणार, त्याने जोरात टाच मारली आणि वर चाबूक. तिने दोन दुगाण्या झाडल्या, तिसऱ्याला तो खाली. डावं मनगट. दीड महिना प्लास्टर, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत.

त्या रात्री मी धार काढायला बसले होते. आमची मधली म्हैस दोन दिवस दूध चोरत होती, वैरण टाकून ओरडत होती, आणि मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्रावाचा सोट टाकत होती. मी बसल्या जागेवरून 'ह्यांना' हाक मारली, म्हैस माजावर आहे, सकाळी डॉक्टरला फोन लावा. आणि हाक मारता मारता माझाच आवाज माझ्या कानावर पडला. दावणीच्या दुसऱ्या टोकाला मैना शेपूट एका बाजूला धरून उभी होती.

संपादक साहेब, ह्या गोष्टीची मला अजून लाज वाटते. आमचं गाव दुधाचं गाव आहे. इथलं शेंबडं पोरसुद्धा गाय उड्या मारायला लागली की 'माजावर आली' म्हणून सांगत येतं. म्हशीचा मुका माज, जो बाहेरून दिसतही नाही, तो ओळखणाऱ्या बायका आमच्या आळीत आहेत. गाय ओरडली म्हणून तिला कुणी काठी घेत नाही, उलट तेवढी वेळ हुकली तर एकवीस दिवस गेले म्हणून हळहळतात. आणि तीच माणसं घोडीला मात्र खोडील म्हणतात, भोवरा बघतात, काटेरी लगाम आणून देतात. गाय दुधाची, तिच्या माजाला पैसा आहे. घोडी बसायची, तिच्या माजाची फक्त अडचण होते. एवढाच फरक.

अंगणवाडीत जन्मभर पोरांची वजनं लिहिली, त्यामुळे हाताला लिहायची सवय. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं, त्यात दुधाचे लिटर, सिलिंडर कधी लावला, म्हशी कधी भरवल्या हे सगळं मी लिहिते. जत्रेच्या दिवसाला निळ्या पेनाने गोल केला आणि आत 'मै' लिहिलं. ती तारीख होती ११ एप्रिल. सहा दिवसांनी घोडी निवळली, तिथे फुली मारली. पुढचा गोल पडला ३ मेला. मग २४ मे. मग १३ जून. बावीस, एकवीस, वीस. प्रत्येक वेळी पाच ते सात दिवस, आणि मधले पंधरा दिवस ती पुन्हा आमची सारंगखेड्याहून आलेली मैना. मी कालनिर्णय भिंतीवरून काढून धाकट्यासमोर ठेवलं. तो प्लास्टर निघालेलं मनगट चोळत बसला होता. बघून म्हणाला, "आई, हे म्हशीचंच गणित आहे की."

आहे म्हशीचंच, पण पूर्ण नाही, आणि जे पूर्ण नाही तिथेच लोक फसतात. हे मला एका तरुण डॉक्टरांनी समजावलं. गावाकडचे जे डॉक्टर आमच्या म्हशी बघतात ते सरळ म्हणाले होते की घोड्याचं आमच्याकडे फार येत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, खोटं सांगण्यापेक्षा बरं. हे दुसरे डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी आधी मैनेचे दात बघितले, पाठ दाबून बघितली, खोगीर उलटं करून बघितलं, आणि मग कालनिर्णय मागितलं. मी त्यांना म्हटलं, म्हणजे आम्हा बायकांचे चार दिवस असतात तसंच ना हे? ते हसले. म्हणाले, "काकू, नेमकं उलटं. पाळी म्हणजे गाभ राहायची वेळ निघून गेल्याची खूण. माज म्हणजे ती वेळ आत्ता चालू असल्याची." इतक्या वर्षांत गरोदर बायकांची मापं घेतली आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत लिहिते. गाय-म्हैस वर्षभर दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि गाईचा माज दिवसभरात ओसरतो. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो, आणि तो वर्षभर नसतो. तो दिवसाच्या लांबीवर चालतो. अंधार पडला की डोक्यातली एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचा रस सोडते. रात्र मोठी असते तोवर तो रस जास्त, आणि घोडीचं अंडाशय निजलेलं. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो ना आपण, तसतशी रात्र आखडते, रस कमी होतो आणि अंडाशय जागं होतं. साताऱ्यात डिसेंबरात दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि जूनमध्ये तेरा तासांच्या वर जातो. एवढ्या दोन तासांवर हा सगळा खेळ. आपण विषुववृत्ताच्या तसे जवळ, त्यामुळे चांगलं खाऊन-पिऊन असलेली एखादी घोडी थंडीतही माजावर येते. पण बहुतेकींचा जोर फाल्गुनापासून पावसाळा संपेपर्यंत. घोडीचं गाभणपण अकरा महिन्यांचं, त्यामुळे ह्या दिवसांत गाभण राहिली तर पुढच्या वर्षी ह्याच सुमाराला, कोवळ्या गवताच्या वेळी शिंगरू खाली पडतं. ही सोय थंड मुलखातल्या गवताची आहे हो. आपल्याकडे वैशाखात कुठलं आलंय गवत. पण घोडीचं पंचांग आपल्या पावसाला विचारून केलेलं नाही.

आणि जागं होताना ते अंडाशय एकदम जागं होत नाही. सुरुवातीचे काही आठवडे नुसती चाळवाचाळव असते. माज दिसतो, जातो, लांबतो, पण बीज सुटत नाही. म्हणूनच फाल्गुनात आम्हाला मेळ लागत नव्हता. पहिलं बीज सुटलं की मग एकवीस दिवसांची घडी बसते.

हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यासमोर बाजार आला. सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला. नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा, तीही मार्गशीर्षात. दोन्हीकडे घोड्यांचे मोठे व्यवहार होतात, आणि दोन्ही वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या आगेमागे. म्हणजे तरणी घोडी आपण विकत घेतो ती निजलेल्या अंडाशयाची, आणि तीन महिन्यांनी ती जागी झाली की विकणाऱ्याला शिव्या घालतो. आमच्या घोडीला कुणी अफू चारली नव्हती. 'ह्यांनी' त्या माणसाला फोन करून वाटेल ते बोलून घेतलं होतं. नंतर मी 'ह्यांना' पुन्हा फोन करायला लावला.

इथवर सगळं सुतासारखं सरळ झालं असं वाटलं, तर दुसऱ्या वर्षी माझं कालनिर्णय खोटं पडलं. दिवाळीच्या सुमारास शिवारात बिबट्या दिसला. उसाला लागून गोठा, म्हणून 'ह्यांनी' आत मोठा एलईडी लावला. पहाटे सहाला धारेच्या वेळी चालू, दिवसा उजेड असतोच, संध्याकाळी पुन्हा चालू, आणि रात्री दहाला निजताना बंद. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बादली घेऊन गेले, तर मैनेने बादली उडवली. कान मागे, शेपूट वर, तेच किंचाळणं. जानेवारीत! मी डॉक्टरांना फोन केला, म्हटलं तुमचं शास्त्र चुकलं. त्यांनी एकच विचारलं, "गोठ्यात नवीन दिवा लावलाय का?"

सहा ते दहा, सोळा तास. घोड्यांची पैदास करणारे लोक मुद्दाम असाच सोळा तास उजेड देतात म्हणे, घोडी लवकर माजावर यावी म्हणून, आणि परिणाम दिसायला साधारण दोन महिने लागतात. दिवाळी ते संक्रांत. आम्ही बिबट्यासाठी दिवा लावला आणि घोडीला वाटलं वैशाख आला. त्या वर्षी मग काही करता आलं नाही, पार दसऱ्यापर्यंत चाललं. पुढच्या दिवाळीआधी तिला मागच्या खोपीत हलवलं, पत्र्याचं दार केलं, दिवा गाई-म्हशींपुरता राहिला. त्या हिवाळ्यात कालनिर्णयावर एकही गोल नाही. शेजारीपाजारी आता मला घोडीची ज्योतिषी म्हणतात. म्हणोत.

पण एक सांगायलाच हवं. सगळा दोष माजावर टाकायची सोय होते, तीही वाईट. त्याच दुसऱ्या वर्षी भाद्रपदात मैना पुन्हा लाथा झाडायला लागली. धाकटा म्हणाला, चालू आहेत तिचे दिवस, सोड. मी कालनिर्णय बघितलं तर पुढचा गोल अजून नऊ दिवस लांब. मग तिला उन्हात उभी केली आणि खाली वाकून पोट बघितलं. बेंबीपासून छातीपर्यंत मधल्या रेघेवर केस गेलेले, खपल्या धरलेल्या, आणि त्यावर बारीक चिलटं आणि दोन गोमाशा चिकटलेल्या. तंगाचा पट्टा नेमका त्याच्या पुढच्या टोकावर घासत होता. मलाही कुणी तिथे पट्टा आवळला असता तर मी लाथच मारली असती. डॉक्टरांनी मलम दिलं, रक्तही तपासायला नेलं, कारण गोमाशीच्या चाव्यातून सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरतो आणि तो पावसाळ्याच्या शेवटी जास्त. रक्त चांगलं निघालं. महिनाभर संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, खोगीर बंद ठेवलं, आणि लाथा थांबल्या. तारखा लिहिलेल्या नसत्या तर मी ती जखम 'दिवस चालू आहेत' म्हणून चिघळवली असती. डॉक्टर म्हणतात, वागणं तारखेला धरून नसेल तर दात बघा, पाठ बघा, पोट बघा; आणि एखादी घोडी महिनोन्‌महिने आंडील घोड्यासारखी वागायला लागली तर अंडाशयात गाठ नाही ना ते तपासून घ्या.

उपाय काय करता, असं लोक विचारतात. गाभण घाला, शांत होईल, असं सांगणारे पुष्कळ. अकरा महिने शांत होईल, आणि व्याल्यावर आठ-दहा दिवसांत पुन्हा माजावर येईल, वर दारात एक शिंगरू. ज्याला शिंगरू पाहिजे त्याने घालावी. एक संप्रेरकाचं पातळ औषधही असतं, रोज तोंडातून द्यायचं, माज दबतो. पण ते कातडीतून अंगात जातं आणि बायकांनी त्याला उघड्या हाताने शिवूसुद्धा नये असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या घरी घोडीचा तोबरा मी आणि सूनबाई भरतो. नको म्हटलं.

आम्ही केलं ते एवढंच, की ते पाच-सहा दिवस तिच्याशी भांडणं सोडलं. काम पूर्ण बंद नाही करत, बंद केलं की ती अंगात वारं भरल्यासारखी होते. भल्या पहाटे, रस्त्यावर माणूस नसताना, लांब दोरीवर गोल फिरवायची, मग थोडी रपेट तीही पाटाच्या कडेनेच. तंग एका दमात आवळायचा नाही. एक भोक, चार पावलं चालवायची, दुसरं भोक, पुन्हा चार पावलं. टाच कुशीच्या मागे न्यायची नाही. खरारा मानेला आणि खांद्याला, कुशीला नुसतं ओलं फडकं. दाणा तोडत नाही, पण काम कमी म्हणून हरभरा मूठभर कमी आणि कडबा जास्त. लघवीला थांबली तर थांबू द्यायचं. हे शेवटचं शिकायला धाकट्याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मागून येणारे मोटारसायकलवाले हसतात.

आता तुमच्या बातमीकडे येते. लग्नसराईचा जोर कधी असतो? चैत्र-वैशाख-ज्येष्ठ. गावोगावच्या जत्रा कधी? चैत्रात. वरातीत नाचवायला बऱ्याचदा घोड्याच असतात. म्हणजे ज्या महिन्यांत घोडीला सगळ्यात जास्त त्रास, त्याच महिन्यांत तिला सगळ्यात जास्त मागणी. कानाशी डीजे, पायाखाली फटाके, पाठीवर कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव, त्याच्या पुढ्यात एक भाचा, आणि टाचा अगदी नको तिथे. घोडीवाल्याला ती माजावर असल्याचं कळत नसेल असं मला वाटत नाही; त्याचा जन्म घोड्यांत गेलेला. पण हातावर पोट. सुपारी घेतलेली, तीन महिन्यांच्या सराईवर वर्ष काढायचं, तो 'आज घोडी येणार नाही' कसं म्हणणार? त्याने म्हटलं तर वधूपिता दुसऱ्याला बोलावणार, आणि त्याचीही घोडीच.

म्हणून त्याला चोपून काही होणार नाही. गावातले दोन-तीन घोडीवाले आपसात तारखा सांगून घोड्या बदलू शकतात. माझ्या ओळखीच्या एकाने ह्या वर्षी हे सुरू केलंय, कालनिर्णय मीच दिलं. लग्नघरानेही घोडीच हवी, पांढरीच हवी, असा हट्ट न करता खच्ची केलेला घोडा चालवून घ्यावा. फोटोत कुणाला कळतंय.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या शेतीच्या पानावर गाईच्या माजाची लक्षणं दर दोन महिन्यांनी येतात, मी कापून ठेवलीत, पाठ झालीत. एकदा घोडीचीही छापा. जिल्ह्यातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या जाणकारांकडून लिहून घ्या. महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले आहेत, पालखीच्या वेळी लोणंद-फलटणच्या वाटेने अश्व येतात तेव्हा त्यांच्या अंगाला हात लावायला जीव टाकणारी माणसं आहेत, भीमथडी घोड्याला आता जात म्हणून सरकारी नोंद मिळाल्याचं कौतुकही आपणच छापलंत. एवढ्या घोडेवेड्या मुलखात घोडीच्या पाच दिवसांवर चार ओळी नसाव्यात?

मैनेचा पुढचा गोल २७ मेला आहे. त्याच दिवशी धाकट्याच्या जिवलग मित्राचं लग्न. मैना येणार नाही असं आम्ही महिनाभर आधीच कळवलंय. मित्राची आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. कोरेगाव, जि. सातारा

(कृपया नाव-गाव छापू नये. २७ तारखेच्या लग्नाला मला जायचं आहे.)